चुकीच्या जागचा श्वास

मॅव्हिस ऑल्ड्रॉइडबद्दल लिहायचं तर आधी स्वतःची लाज सांगून टाकतो, म्हणजे पुढे हात मोकळा राहील. ऑक्सनशॉ मिलच्या पितळी वाद्यांच्या बँडमध्ये तिला घ्यायचं की नाही यावर दोनदा मतं घेतली गेली आणि दोन्ही वेळा मी विरोधात हात वर केला. पहिल्यांदा केला तो बाकीच्यांनी केला म्हणून. दुसऱ्यांदा मात्र नीट विचार करून केला होता, आणि ते जास्त वाईट.

मी त्या बँडमध्ये सदतीस वर्षं टेनर हॉर्न वाजवला. दिवसभर गिरणीच्या रंगखात्यात, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सरावाला. हात निळे, नाहीतर लाल. माझ्या शेजारची खुर्ची फ्लूगलहॉर्नची. हे वाद्य कॉर्नेट या छोट्या तुतारीपेक्षा पोटाने मोठं आणि आवाजाने मऊ. अख्ख्या बँडमध्ये ते एकच असतं, म्हणून खुर्चीही एकच. मॅव्हिसच्या बापाचं नाव जो. तो त्या खुर्चीवर एकोणीस वर्षं बसला होता.

जोला मुलगा नव्हता, म्हणून त्याने मुलीला शिकवलं. मागच्या अंगणातल्या धुण्याच्या खोलीत, कपडे पिळायच्या यंत्राशेजारी उभं करून. चौदाव्या वर्षी ती बापापेक्षा सरस झाली. हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण भिंती पातळ होत्या. पण बँडमध्ये बायका नव्हत्या. बायकांनी आमच्या कोटांची बटणं शिवायची, स्पर्धेच्या दिवशी मटणाची पेस्ट्री आणि वाटाणे गरम ठेवायचे आणि आम्ही हरून आलो की परीक्षकाला शिव्या द्यायच्या. विसाव्या वर्षी मॅव्हिसने एक जुनं फ्लूगलहॉर्न उशीच्या अभ्र्यात घातलं आणि लंडनची गाडी पकडली.

तिथे ती पंधरा वर्षं होती. आधी बायकांच्या नाचाच्या बँडमध्ये, मग रेकॉर्डिंगमध्ये. एका रिकाम्या चर्चमध्ये सकाळी दहाला चाळीस माणसं जमायची, कधी न पाहिलेले कागद समोर यायचे, लाल दिवा लागायचा. तीन तासांत चार धुना. एक वाजला की वाद्यं पेटीत आणि ज्याची त्याची वाट वेगळी. ही कंपनी स्वस्त तबकड्या काढायची आणि त्या वाण्याच्या दुकानात बिस्किटांशेजारी विकायची. वर नाव असायचं ‘रोलँड वेलास्को आणि त्यांचा चंदेरी वाद्यवृंद’. पुढच्या आठवड्यात तीच चाळीस माणसं ‘हवाई बेटांचे सूर’ व्हायची. त्या हवाईच्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता, आणि मंडळी दोन धुनांच्या मधे हातमोजे घालून बसत होती, असं ती सांगायची. कुठल्या तबकड्यांवर तू आहेस, असं विचारलं तर म्हणायची, “बऱ्याच.” त्यापुढे एक अक्षर नाही.

अडुसष्टच्या हिवाळ्यात ती परत आली. जोची छाती गिरणीच्या कापसाने भरली होती आणि त्याला बघायला दुसरं कुणी नव्हतं. सोबत पाच वर्षांची ज्युडिथ होती, नवरा नव्हता. तो तालवाद्यं वाजवायचा आणि कुठल्याशा जहाजावर नोकरी धरून गेला तो गेलाच. मॅव्हिस शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. वर्षभरात जो वारला.

आमचा फ्लूगलवाला विल्फ दात काढल्यावर वाजवेनासा झाला, तेव्हा तिने पहिल्यांदा खुर्ची मागितली. आम्ही नाही म्हटलं. तिने कामगारांच्या क्लबात येऊन मागितली होती, सगळ्यांसमोर, त्यामुळे त्यानंतर तिची टिंगलही सगळ्यांसमोरच झाली. तिच्या लंडनच्या वाजवण्याला सूप पिताना लावायचं संगीत म्हणायचे. लिफ्टमधलं म्हणायचे. एकदा ती बिअरचा ग्लास घेऊन बसली होती, तर ट्रॉम्बोनवाला लेन ओरडला, “मॅव्हिस, जरा दिवे मंद करू का गं?”

“कर की,” ती म्हणाली, “तेवढंच तुझं तोंड कमी दिसेल.”

लोक हसले, पण खुर्ची रिकामीच राहिली. त्या खुर्चीवर मी माझी हॉर्नची पेटी ठेवू लागलो. सोयीची जागा होती.

चौऱ्याहत्तरच्या वसंतात तिने पुन्हा मागितलं. तोवर आम्ही दोन स्पर्धांत शेवटून दुसरे आलो होतो. खुर्चीवर बसवलेलं एक बदली पोरगं सूर सोडून सगळं वाजवायचं आणि शेवटी कंटाळून फुटबॉल खेळायला गेलं. तेव्हा मी विचार केला. ही बाई माझ्या शेजारी बसली तर काय होईल? माझे सूर सारखे खाली पडतात हे इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं, कारण शेजारीही तसेच होते. ती बसली की पहिल्याच मंगळवारी सगळ्यांना ऐकू येईल. मी हात वर केला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आमचा बँडमास्तर अर्नल्ड सटक्लिफ. गिरणीत मुकादम, चर्चमध्ये वडीलधारा, आणि स्वतःच्या घरात काय होता ते त्याच्या बायकोला विचारा. दुसऱ्या मतदानानंतर मॅव्हिस दारातून हलेना, तेव्हा तिला गप्प करायला तो म्हणाला, “हे बघ पोरी, ऑक्टोबरात क्लबात संथ धुनेची स्पर्धा आहे. त्यात पहिली ये, खुर्ची तुझी.”

“सगळ्यांनी ऐकलं ना?” तिने विचारलं.

आम्ही जमिनीकडे बघत ऐकलं होतं.

“मिस्टर सटक्लिफ, तुम्हीही ऐकलंत ना, तुम्ही काय म्हणालात ते?”

“ऐकलं बाई, ऐकलं. आता दार लाव, वारा येतोय.”

आमच्याकडे संथ धुनेच्या स्पर्धेइतकं गंभीर काही नसतं. एकेकाने येऊन एकच हळू धून वाजवायची. परीक्षकाला लोक यायच्या आधीच व्यासपीठाच्या कोपऱ्यात पडदे लावलेल्या खोक्यात बसवतात. त्याने कुणाला पाहायचं नाही. नावं पुकारायची नाहीत, टोपीतून आकडे काढायचे. वाजवणाऱ्याने बोलायचं नाही, खोकायचंही नाही. परीक्षकाचा चहा पडद्याखालून आत सरकवतात. पुढच्या माणसाला पाठवा हे तो शिट्टी वाजवून सांगतो. त्या वर्षी लँकेशायरमधून आलेले एन्टविसल नावाचे गृहस्थ आत होते. बारीक, खडूस आणि प्रामाणिक म्हणून नावाजलेले.

मॅव्हिसला अकरा आकडा आला. व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी ती थांबली, वाकली आणि पायातले बूट काढले. टाचांचा टकटक आवाज आला असता तर आतल्या माणसाला बाई आहे हे कळलं असतं. मोज्यांच्या पायांनी ती वर गेली. डाव्या मोज्याला टाचेपाशी रफू होतं. मी पहिल्या रांगेत होतो, मला स्पष्ट दिसलं, आणि का कोण जाणे, मला स्वतःचाच राग आला.

तिने वाजवायला घेतलेली धून एका जुन्या सिनेमातली होती. सिनेमा सगळे विसरले, धून तेवढी राहिली. ती आमच्या घरीही होती, ‘मेणबत्तीच्या उजेडात, भाग चार’ या तबकडीवर. वेष्टनावर मेंढीच्या कातड्यावर पहुडलेली एक मुलगी, हातात वाइनचा ग्लास. माझी बायको नोरीन दर रविवारी जेवताना ती लावायची. सहा वर्षं मी त्या धुनेवर बटाटे खाल्ले होते.

धुनेच्या मधे एक लांब ओळ आहे. ती एका श्वासात घ्यायची, हे शाळकरी पोरालाही कळतं. तबकडीवरचा वाजवणारा मात्र तिथे मधेच थांबतो. किंचित. जणू काही सांगायला तोंड उघडलं आणि मग नकोच म्हटलं. नोरीनचा चमचा दर रविवारी तिथे हवेत थांबायचा.

मॅव्हिस त्या ओळीवर आली आणि तिथेच थांबली. तेवढीच. श्वास घेतला तो ऐकूही आला. शेजारी नोरीन बसली होती, तिने माझा दंड असा दाबला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

“क्लिफर्ड,” ती कुजबुजली, “अरे, ही आपल्या घरातलीच!”

बावीस जण वाजवून झाल्यावर एन्टविसल खोक्यातून बाहेर आले. डोळे चोळले, चष्मा लावला आणि रिवाजाप्रमाणे एकेका आकड्याबद्दल लिहिलेलं वाचून दाखवू लागले. अकरावर आल्यावर थांबले.

“क्रमांक अकरा. आवाज अतिशय सुंदर. आजच्या संध्याकाळी सर्वांत सुंदर, असंही म्हणतो. पण हे वादन म्हणजे एका लोकप्रिय तबकडीची हुबेहूब नक्कल आहे. ती तबकडी माझ्याकडे आहे. माझी पत्नी आजारी होती तेव्हा मी ती रोज ऐकली आहे, त्यामुळे मला फसवता येणार नाही. मूळ वादकाने लांब ओळीत जो श्वास घेतला आहे, तो शिकवून येत नाही. अकराने तोसुद्धा उचलला आहे. उसना श्वास हा श्वास नव्हे. चार गुण वजा.”

पहिला आला अर्नल्डचा भाचा. मॅव्हिस दोन गुणांनी दुसरी. अर्नल्डच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून मला त्याला रंगाच्या हौदात बुडवावंसं वाटलं.

परीक्षकाला उलट बोलायचं नाही, हा आमच्याकडचा सर्वांत जुना नियम. माझ्या आयुष्यात तो कुणी मोडलेला पाहिला नव्हता. मॅव्हिस उठली. बूट अजून हातातच होते.

“मिस्टर एन्टविसल, अकरा मी आहे. आणि तबकडीवरही मीच आहे.”

सभागृहात कुणीतरी हसलं. एन्टविसलांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाईसाहेब, ती वेलास्को यांच्या वाद्यवृंदाची तबकडी आहे.”

“वेलास्को नावाचा माणूसच नाही. वेष्टनाच्या मागे ज्याचा फोटो आहे तो स्वेटरच्या जाहिराती करायचा. त्याला शीळ घालता येत नाही.”

आता बरेच जण हसले, पण तिच्या बाजूने.

“आणि तुम्हाला आवडलेला तो श्वास ना,” ती म्हणाली, “तो मी घेतला नाही, माझ्याकडून घेतला गेला. मला सातवा महिना होता. ओळीच्या मधोमध या ज्युडिथने बरगडीखाली अशी लाथ मारली की पोटातली हवाच संपली. घड्याळात एकाला एक मिनिट कमी होतं. पुन्हा घ्यायला वेळ नव्हता. मी म्हटलं, चूक झाली. कंपनीचा माणूस म्हणाला, राहू दे गं, हे ऐकतंय कोण?”

मागच्या रांगेत बसलेली अकरा वर्षांची ज्युडिथ लाजून खुर्चीत खाली खाली गेली.

एन्टविसलांनी हातातला कागद खाली केला. मग त्यांनी विचारलं, आणि खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, “पण आज तर लाथ नव्हती. मग आज तिथे का थांबलात?”

“सव्वादोनशे धुना वाजवल्या मी तिथे,” मॅव्हिस म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. “एकावरही नाव नाही. नसू दे, मी नावासाठी वाजवत नव्हते. पण त्या सगळ्या ढिगात माझी म्हणून ओळखू येईल अशी तेवढीच एक जागा आहे. लोकांनी तिला चूक म्हटलं. तुम्ही तिला उसनी म्हटलं. मी का सोडू ती? ती माझी आहे.”

कुणी हसलं नाही. लेनसुद्धा नाही.

“सिद्ध करायला पुन्हा वाजवून दाखवू दे तिला,” अर्नल्ड पुढून म्हणाला.

“नाही वाजवणार,” मॅव्हिस म्हणाली. “दोनदा वाजवलंय. एकदा तिथे, एकदा इथे. तिसऱ्यांदा ऐकायचं असेल तर वाण्याकडे मिळते.”

एन्टविसलांनी गळ्याशी हात नेला, टाय सैल केला. “बाईसाहेब, वाचलेले गुण मला बदलता येत नाहीत. नियम आहे. पण चूक माझी झाली, हे मी सगळ्यांसमोर सांगतो.”

“गुण नका बदलू. तो कागद तेवढा द्या मला.”

स्पर्धकाला त्याचा शेऱ्याचा कागद मिळतोच. तिने तो घेतला, घडी घातली, खाली बसून बूट घातले आणि ज्युडिथचा हात धरून निघून गेली. चषक भाच्याला मिळाला. त्याने तो असा धरला होता जणू कुणी हिसकावून घेईल.

पुढचा मंगळवार. आम्ही सगळे सरावाला वेळेआधीच आलो होतो. साडेसातला दार उघडलं. मॅव्हिस उशीच्या अभ्र्यातलं फ्लूगलहॉर्न घेऊन आली आणि थेट माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“अट पहिलं येण्याची होती,” अर्नल्ड म्हणाला.

तिने कोटातून कागद काढला आणि वाचला. मोठ्याने, सगळा. शेवटी म्हणाली, “तुमच्या परीक्षकाने स्वतःच्या हाताने लिहिलंय की तबकडीवरच्या बाईचा श्वास शिकवून येत नाही. मी फक्त तिच्यापुढे हरले. आता तिला घ्या, नाहीतर मला घ्या. आम्हा दोघींना एकच खुर्ची पुरते.”

“यावर मतदान घ्यावं लागेल.”

“घे की, अर्नल्ड. मी बसून बघते.”

तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. मग ती माझ्याकडे वळली. “ही पेटी कुणाची?”

“माझी.”

“उचल.”

अर्नल्ड माझ्याकडे बघत होता. गिरणीत माझी पाळी तोच लावायचा. चोवीस जण माझ्याकडे बघत होते. आणि मला नीट माहीत होतं की ही पेटी मी उचलली, तर दहा मिनिटांत सगळ्यांना माझे खाली पडणारे सूर ऐकू येतील.

मी पेटी उचलली आणि पायाखाली ठेवली. मॅव्हिस बसली, अभ्रा घडी करून मांडीवर ठेवला आणि सूर जुळवला. अर्नल्डने छडी उचलली. मग त्याने मतदानाचं नाव न घेता सरावाचं भजन काढायला सांगितलं. आम्ही सुरुवात नेहमी भजनानेच करतो. दुसऱ्या ओळीत ती मान न वळवता माझ्याशी बोलली, “वर घे, क्लिफर्ड. खाली पडतोयस.” सगळ्यांना ऐकू गेलं. जगबुडी झाली नाही.

ती त्या खुर्चीवर बावीस वर्षं बसली. मी तिच्यामुळे बरा वाजवू लागलो. फार नाही, बरा. आम्ही काही मोठ्या स्पर्धा जिंकलो, बऱ्याच हरलो. ती धून आमच्या युफोनियमवाल्याने पूर्ण बँडसाठी लिहून काढली. त्या लांब ओळीच्या मधे पेन्सिलने श्वासाची खूण म्हणून एक स्वल्पविराम आणि शेजारी ‘मॅ.’ असं प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. अर्नल्डच्या मोठ्या कागदावर तो मी बघितला तेव्हा तो शाईने होता. शहाण्णवच्या मार्चमध्ये मॅव्हिस गेली. ज्युडिथ लीड्सला विमा विकते, तिला दोन सुरांतला फरक कळत नाही आणि ती हे अभिमानाने सांगते.

गेल्या शरदात आमच्याकडे नवा मास्तर आला, संगीत महाविद्यालयातला. हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. मी आता वाजवत नाही, भिंतीला टेकून ऐकतो. त्याने ती धून काढली, ऐकली आणि छडी आपटली.

“ओळीच्या मधे सगळे श्वास कसला घेताय? हे स्वल्पविराम कुणी लिहिले? हा ‘मॅ.’ काय प्रकार आहे? खोडा ते.”

बँडमध्ये तिला पाहिलेले आता तिघेच उरलेत. बाकीची पोरं-पोरी तिच्यानंतरची. नऊ तर मुलीच आहेत. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग खोडरबर निघाले, हातोहात फिरले, सगळ्यांनी खोडलं. कागदावरचा बारीक भुगा फुंकून टाकला. मला वाटलं, संपलं. भिंतीपाशी उभा राहून मी मनातल्या मनात त्या पोरांना लाखोली वाहिली.

मास्तरने छडी उचलली. धून सुरू झाली, लांब ओळ आली, आणि मधोमध पंचवीसच्या पंचवीस जणांनी श्वास घेतला.